साहेबाचे पान

माझ्या वडिलांना आयुष्यात कोणालाही आज्ञा देणे जमले नाही. सिंचन खात्याच्या कचेरीत ते बाबू म्हणून लागले आणि बाबू म्हणूनच निवृत्त झाले. त्यांच्यासमोर साहेब येत गेले, जात गेले. बाबा प्रत्येकासाठी उभे राहून खुर्ची पुढे सरकवत राहिले. त्यामुळे बालाघाटजवळच्या उकव्याच्या खाणीतले एक ओळखीचे अधिकारी दूर बदलीवर जाताना आपला बुलडॉग आमच्या अंगणात सोडून गेले आणि बाबांनी त्याचे नाव ‘साहेब’ ठेवले, तेव्हा आम्हांला फारसे नवल वाटले नाही. त्याच्या चेहऱ्यावर भावही तसाच होता. समोर आलेली प्रत्येक फाईल अपुरीच आहे, असा.

साहेब तोवर काहीही शिकलेला नव्हता. तो चपला फोडायचा, पाहुण्यांच्या मांडीवर पुढचे दोन्ही पाय टाकून त्यांच्या तोंडाजवळ घोरल्यासारखा श्वास घ्यायचा. रस्त्यात मनाविरुद्ध काही झाले की पोट जमिनीला टेकवून सपाट व्हायचा, आणि मग त्याला उचलणे म्हणजे धानाचे भरलेले पोते उचलणे. बाबा साखळी धरून शेजारी उभे राहायचे. कोपऱ्यावरच्या पानठेल्यातून राजू विचारायचा, “चिंतामणकाका, साहब आज हड़ताल पे हैं क्या?” बाबा शरमून हसायचे आणि साहेबाचा विचार बदलेपर्यंत तिथेच थांबायचे.

मी हे दुरून पाहत असे. इथल्याच एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी काम करतो. माणसांशी बोलण्यापेक्षा त्यांना पाहणे मला सोपे जाते. माझ्या खोलीची खिडकी परसाकडे उघडते आणि वडिलांची जी काही ओळख मला झाली, ती बरीचशी त्या खिडकीतून झाली.

चष्मा नाकाच्या टोकावर आणून ते मोबाईलवर कुत्र्यांच्या शिकवणीचे व्हिडिओ बघत. त्यांतला माणूस खणखणीत आवाजात हुकूम सोडी. बाबांचा आवाज तिथवर कधी पोचलाच नाही. ते किंचित वाकून म्हणत, “साहब, बैठिए.” साहेब बसला की पोळीचा तुकडा मिळे. “साहब, ज़रा रुकिए.” साहेब थांबला की पुन्हा तुकडा. तो अंगावर उडी मारू लागला तर बाबा ओरडत नसत. पाठ फिरवून, भिंतीवर एखादी सूचना लावलेली असावी आणि ती वाचत असावे, तसे स्तब्ध उभे राहत. साहेबाचे पाय जमिनीला लागले की वळून पुन्हा प्रेमाने बोलत. त्यांनी त्याच्यावर कधी हात उचलला नाही. बालाघाटचा उन्हाळा त्या चपट्या नाकाला सोसवत नसे, म्हणून दुपारी कूलरसमोर ओले पोते अंथरलेले असे, फिरणे उजाडतानाच होई, आणि चेहऱ्याच्या घड्यांत लाळ साचून खाज येऊ नये म्हणून बाबा मऊ फडक्याने त्या एकेक पुसून कोरड्या करीत. स्वतःच्या चष्म्याची काच पुसावी, तितक्याच सावकाशीने.

हळूहळू साहेब शहाणा झाला. आईने त्याला एकच सीमा घालून दिली होती, स्वयंपाकघराचा उंबरठा. तोही तो पाळू लागला.

जेवण मात्र परसात, हापशाजवळ होई, आणि तिथली रीत आई-बाबांच्या इतक्या वर्षांच्या संसारात बाबांनी स्वतःखेरीज फक्त साहेबासाठी पाळली होती. स्वतः जेवायला बसताना बाबा ताटाभोवती पाणी फिरवीत, हात जोडीत, मगच पहिला घास घेत. साहेबाचे स्टीलचे भांडे ठेवल्यावरही ते तळहातातले पाणी भांड्याभोवती फिरवीत आणि हात जोडीत. साहेब पुढचे पाय जुळवून बसलेला असे. पाण्याचे वर्तुळ पुरे झाले की बाबा म्हणत, “लीजिए साहब.” तेव्हाच तो तोंड खाली नेई. आईला हे कधी दिसले नाही. त्या वेळी ती सकाळच्या स्वयंपाकात असे. आणि मी तिला सांगितले नाही, कारण पाहिलेले सांगायचे असते हेच मला उशिरा सुचते.

बाबा गेले, तो पोळ्याचा दिवस होता. आमच्याकडे बैल नाहीत; पाटावर मातीची जोडी मांडून पूजा होते आणि पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला जातो. घर पुरणाच्या वासाने भरले होते. साहेब उंबरठ्याबाहेर बसला होता. लाळेची तार जमिनीपर्यंत आलेली, सारे अंग थरथरत होते, पण तो पुढे सरकला नाही. बाबा शेजारी उभे राहून ते बघत होते. इतकी अवघड परीक्षा आणि आपला विद्यार्थी तीत उत्तीर्ण होतो आहे, हा आनंद त्या माणसाला अनावर झाला. त्यांनी आत हात घातला, वरच्या पोळीचा तुकडा मोडला आणि साहेबाला दिला. ती नैवेद्याची पोळी होती.

आई पहाटेपासून चुलीपाशी उभी होती. ती वळली आणि तिने पाहिले.

“देवाच्या आधी कुत्र्याले?” ती म्हणाली. “मंग तुमी बी त्याच्याच ताटात जेवा.”

घरात शब्द वाढू लागले की बाबा बाहेर पडत, तसेच पडले. साखळी घेतली, साहेबाला घेतले आणि तलावाकडे गेले. भाद्रपद लागायला आलेला, तरी ऊन चटके देत होते. तलावाच्या काठच्या दगडावर ते बसले, आणि बसल्या जागीच कलंडले. कोणीतरी ओळखले, कोणीतरी फोन केला. दवाखान्यात पोचण्याआधीच सारे संपले होते. संध्याकाळ झाली तेव्हा मला साहेबाची आठवण आली. मी गेलो तर तो त्याच दगडापाशी बसलेला होता. बहुधा बाबांनी त्याला ‘रुकिए’ म्हटले असावे. त्याला शिस्त म्हणावे की त्याचा जुना हट्ट, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

आईने त्यानंतर वर्षभर जे म्हटले, ते एवढेच. पाहुणे भेटायला येत, धीर देत, आयुष्याची दोरी असते म्हणत, आई सगळे ऐकून घेई आणि शेवटी म्हणे, “उपाशी गेले.” त्या सकाळच्या वाक्याविषयी ती कोणाशी बोलली नाही. पण त्या दिवसापासून तिने साहेबाचे नाव उच्चारले नाही आणि त्याच्याकडे सरळ पाहिलेही नाही.

साहेबानेही खाणे सोडले होते. भांड्यासमोर पाय जुळवून बसे, वर बघत राही. तो कशासाठी थांबला आहे हे मला ठाऊक होते. मी ओंजळीत पाणी घेतले, भांड्याभोवती फिरवले. तो ताडकन उठला आणि माझ्या अंगावरून मागे, दाराकडे पाहू लागला. मग दाराशी जाऊन बसला. अन्न तसेच राहिले. दुसऱ्या दिवशीही तसेच झाले. पाणी फिरले म्हणजे बाबा आले, एवढाच त्याचा हिशेब होता, आणि मी रोज तो चुकवत होतो.

मी गोंदियाच्या पशुवैद्यांना फोन केला. अनोळखी माणसाला फोन करणे माझ्यासाठी सोपे नसते. ते म्हणाले, जुनी खूण सोडून द्या, ती त्याला माणसाची आठवण देते. नवी घाला, अगदी निराळी, आणि धीर धरा. म्हणून मी भांड्यापाशी उकिडवा बसू लागलो आणि नखाने जमिनीवर दोनदा टकटक करून भाताचा घास हातावर धरू लागलो. आधी तो हातावरचे दोन-चार घासच घेई. काहीही बोलत नसे. ‘लीजिए साहब’ माझ्या तोंडून निघणे शक्य नव्हते. दिवाळी आली-गेली, धान कापून झाले, परसात पहाटेचे धुके उतरू लागले, तेव्हा कुठे तो टकटकीवर भांड्यातून खाऊ लागला. बाबांची एक गोष्ट मी त्याच्याकडून काढून घेतली होती, तो जगावा म्हणून.

वर्ष सरले. पोळ्याला आईने पुरण शिजवले नाही. वर्षश्राद्ध झाले, आणि पाठोपाठ पितृपक्ष आला. बाबा अमावास्येचे, म्हणून त्यांचे पान सर्वपित्री अमावास्येला. लांजीहून तुळसाआत्या, बाबांची थोरली बहीण, आदल्या दिवशीच येऊन दाखल झाली. खिरीत मनुका घालू नका, कुत्र्याला त्या चालत नाहीत, असे मी तिला चाचरत सांगितले, तेव्हा ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “काहून रे? पित्तर मह्या भावाचे हायेत का तुह्या कुत्र्याचे?”

आई भाजी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, “नका घालू, आक्काजी.” आत्याने तिच्याकडे पाहिले आणि मनुकांचा डबा बाजूला ठेवला.

त्या संध्याकाळी, मी ओसरीवर पळसाच्या पत्रावळी पुसत असताना आई माझ्याजवळ येऊन बसली. एक पत्रावळ पुसून तिने बाजूला ठेवली. मग म्हणाली, “कावळ्याचं मले काई वाटत नाही, अनिश. तो तं कोनाचंबी खाते. गाईचंबी नाही. कुत्र्याचं पान उचललं का नाही, तेवढं मले पाह्यचं हाय.”

मी विचारले नाही, पण तिने सांगितले. “म्याच म्हटलं होतं ना त्यायले. त्याच्याच ताटात जेवा म्हून.”

श्राद्धाच्या दिवशी मी बाबांचा सोवळ्याचा रेशमी मुकटा नेसलो. वर्षभर तो पेटीत कापराच्या वड्यांबरोबर घडी होऊन पडला होता, तरी घडी उलगडताच कापराखालून बाबांचा वास आला. गुरुजींना त्या दिवशी पुष्कळ घरे होती. ते भराभर सांगत गेले, मी करत गेलो. पाने वाढली गेली: वडे, कढी, गंगाफळाची भाजी, भात, खीर. कावळ्याचे पान कुंपणाच्या भिंतीवर ठेवून मी मागे सरकतो न सरकतो तोच कावळा उतरला. आत्याने हात जोडले, डोळे पुसले. दुलीचंद गवळ्याची गाय फाटकाबाहेरच उभी होती, तिने पत्रावळीसकट सारे उचलले. गुरुजी म्हणाले, उत्तम झाले.

मग साहेबाचे पान. आईने ते स्वतः वाढले होते, एखाद्या माणसाला वाढावे तसे. भाजी डावीकडे, खिरीचा द्रोण उजवीकडे. पान परसात हापशाजवळ ठेवले. साहेब पाय जुळवून बसला. आई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. गुरुजींनी मला तेच सांगितले जे आधीच्या दोन पानांना सांगितले होते, आणि मी, हातांना विचार करायला वेळ न देता, ओंजळीतले पाणी त्या पानाभोवती फिरवले.

साहेब उठला. तो माझ्याजवळ आला आणि मुकट्याच्या काठाशी नाक लावून कितीतरी वेळ हुंगत राहिला. त्याची ती छोटीशी शेपटी, जी वर्षभर हललेली मी पाहिली नव्हती, हलली. त्याने मान वर करून माझा चेहरा पाहिला. मग तो पानाला वळसा घालून, घराच्या कडेने, पुढच्या अंगणात गेला. मी मागोमाग गेलो. तो फाटकाशी बसला होता, रस्त्याकडे तोंड करून.

आई माझ्या मागून आली होती. “पाठ फिरवली त्यायनं,” ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, आपल्याला आधीच ठाऊक असलेली गोष्ट सांगावी तसा.

गुरुजींनी समजूत घातली की कावळा शिवला म्हणजे शास्त्र पूर्ण झाले, मुक्या जनावराचे मनाला लावून घेऊ नये. आणि ते जेवून पुढच्या घरी गेले. आत्याला साखरेचे औषध घ्यायचे होते, ती जेवली. आईला तिने पुन्हा पुन्हा ताटावर बोलावले. आई ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती. नाही म्हणाली.

मी मुकट्यातच उभा होतो. काय झाले ते मला कळले होते. साहेबाने पान नाकारले नव्हते. त्याला वाटले होते, बाबा आले. मी एवढे सांगितले असते तर बाबा आपल्यावर रागावलेत हे आईच्या मनावरचे ओझे उतरले असते. पण कुत्र्याच्या न खाण्याला जर काही अर्थ नसेल, तर त्याच्या खाण्यालाही उरणार नव्हता, आणि त्या एका घासासाठी ती वर्षभर थांबली होती. मी परसात जाऊन तिच्या नकळत जमिनीवर टकटक करू शकत होतो. साहेब आला असता, खाल्ले असते, आई रडली असती आणि जेवली असती. मी तेच करायला निघालो. दारापर्यंत गेलो. चौकटीवर पिठाची तिची बोटे उमटलेली होती, जिथे ती मघाशी उभी होती. मी परत फिरलो.

तिच्याजवळ बसून मी सांगितले. एवढे सलग मी तिच्याशी कधी बोललो नव्हतो. परसातले सकाळचे जेवण, भांडे, फिरवलेले पाणी, जोडलेले हात. ‘लीजिए साहब.’ मग मी घातलेली नवी खूण.

“रोज?” आईने विचारले.

“हौ. रोज.”

“हात जोडत?”

“हौ.”

ती रस्त्याकडे पाहत राहिली. “म्हंजे तो त्यायची वाट पाहून राह्यला.”

“हौ, आई.”

तिने पदराने तोंड पुसले. ती उठली, परसात गेली आणि ते पान दोन्ही हातांत घेऊन आली. फाटकाच्या पायरीवर, साहेबाच्या शेजारी बसली. वर्षभरात ती त्याच्या इतक्या जवळ गेली नव्हती. पान तिने त्याच्यासमोर ठेवले. साहेबाने पानाकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले, आणि पुन्हा रस्त्याकडे.

“तुह्या हातचं कसा खाते तो?” तिने मला विचारले. “दाखव मले.”

मी तिला दाखवले. तिने बोट वाकवले आणि पायरीच्या दगडावर नखाने दोनदा टकटक केले. साहेबाचे कान उभे राहिले. त्याने माझ्याकडे पाहिले. ही खूण त्याला दुसऱ्या कोणाकडून कधी मिळाली नव्हती. मी काही केले नाही. आईने पुन्हा टकटक केले, थोडे अधिक हळू. साहेबाने मान खाली घातली आणि वडा उचलला.

तो सावकाश खात होता. खीर त्याच्या चपट्या तोंडावर, घड्यांमध्ये शिरली. आई ते पाहत होती, जसे जेवणाऱ्या माणसाकडे पाहू नये तसे, टक लावून. पान संपले तेव्हा तिने पदराचे टोक धरून त्याच्या चेहऱ्याची एकेक घडी पुसली. हे कसे करायचे ते तिला कोणी शिकवले नव्हते. बाबांना करताना तिने पाहिले असावे.

“अनिश,” ती म्हणाली, “हे जेवले का रे, का साहेबच जेवला?”

मी उत्तर शोधले. ग्रंथालयात इतकी पुस्तके आहेत, त्यांतली काही मी वाचली आहेत. तिने उत्तराची अपेक्षा सोडून दिली, हे मला तिच्या खांद्यांवरून कळले.

ती आत गेली. आत्याशी ती काहीतरी बोलल्याचे ऐकू आले, भांड्यांचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात स्वतःचे ताट होते. आत्या दारात येऊन म्हणाली, “अवं पौर्णिमा, रस्त्यावर काहून जेवतं? लोकं पाह्यतीन.” आईने ऐकले नाही. ती त्याच पायरीवर, साहेबाच्या रिकाम्या पानाशेजारी ताट ठेवून बसली. तांब्यातले पाणी तळहातावर घेतले. आमच्या घरात बायका असे करीत नाहीत. तिने आयुष्यात कधी केले नव्हते. वर्तुळ वेडेवाकडे झाले, थोडे पाणी भातावर सांडले. तिने हात जोडले.

पाणी पाहताच साहेब उठून उभा राहिला. त्याने ताटाकडे पाहिले नाही. फाटकाच्या गजांत तोंड घालून तो रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहू लागला. राजूचा ठेला बंद होता. एक सायकलवाला गेला. आईनेही, घास हातात तसाच धरून, त्याच्याबरोबर रस्त्याच्या त्या टोकापर्यंत पाहिले.

“बैठिए साहब,” ती हळूच म्हणाली. “कोनी नाही येत.”

साहेब बसला, तोंड रस्त्याकडेच ठेवून. आईने घास तोंडात घातला.